शकुनाचं दही

"बारक्या, गाडी थांबीव! एक तर मला उतरू दे, नायतर ह्या हिराला तरी खाली ढकल!"

असं म्हनत तानुमावशीनं माझ्या जीपच्या पत्र्यावर दनादना थापा हानल्या. सकाळचे साडेपाच, गाडी अजून वाडीच्या बाहीरबी पडली नव्हती. दहा वर्सं झाली, मी सिन्नर-नाशिक जीप चालवतोय. बकऱ्या नेल्या, नवरदेव नेले, एकदा तर पिसाळलेला जावई नेला. पर असली कटकटी सवारी नाय पाहिली बुवा.

मागं हिरामण सोताच्या आईची पोलिसावानी झडती घेत व्हता.

"आये, पदर झटक. कनवटीला काय हाय?"

"तंबाखूची चंची हाय, मेल्या!"

"आन त्या डब्यात?"

"दही."

गाडीत एकच कालवा झाला. हिरामणची बायको ललिता तर रडायलाच लागली. मावशी वरडली, "आरं, परत येतानी द्यायाला घेतलंय! आधी दिलं तर खंडोबा बघून घेईल मला!" पर हिरामण ऐकंना. त्यानं डबा माझ्या पायाशी आनून ठेवला. "बारकू, जीव गेला तरी म्हातारीच्या हाताला लागू देऊ नको." झालं! क्लच, ब्रेक आन दही, तिन्ही माझ्याच पायाशी.

आता ही दह्याची काय भानगड, ते सांगतो.

हिरामणची पोरगी चैताली. पाच पुरी झाली, सहावं लागलं. जल्मली तीच वरचा ओठ मधून फाटल्याला, टाळूलाबी भोक. दूध पाजावं तर निम्मं नाकातून बाहीर. बोलायची लय, थांबायचीच नाय, पर सगळं नाकातून. आजी सोडली तर कुनाला अक्षर कळायचं नाय. गाव म्हनायचं, ललितानं ग्रहनात भाजी चिरली, म्हनून असं झालं. आता आईनं कोथमीर चिरल्यावर पोटातल्या पोरीचा ओठ कसा फाटंल? पर गावाच्या तोंडाला कोन टाकं घालनार! गावातली बाराची पोरं तिला चिडवायची, आन ही बापडी फ्रॉकाचं टोक सारखं तोंडावर धरून फिरायची. जूनात शाळेत नाव घालायचं व्हतं. फ्रॉक तोंडावर धरून पोरगी पाटी कोनत्या हातानं धरनार, ह्याचाच हिरामणला घोर.

दिवाळीनंतर नाशकात शिबिर लागलं. बाहीरगावचे डॉक्टर येऊन असले ओठ फुकट शिवून द्यायचे. पोरगी तपासून झाली, तारीख भेटली, आन सांगितलं, सकाळी सातला उपाशीपोटी आना. आनली. शिष्टरनं इचारलं, "काही खाल्लं का?"

"पान्याचा थेंब नाय," हिरामण छाती काढून म्हनला.

तवर चैतालीनं फ्रॉक बाजूला करून नाकातून कायतरी सांगितलं.

"काय म्हणते ही?"

मावशीला लय अभिमान. आपल्याबिगर कुनाला कळतंय! "म्हनती, निघतानी आजीनं दही-साखर दिली."

"अहो आजी, उपाशी आणायला सांगितलं होतं ना!"

"उपाशीच हाय की! दही काय खानं हाय व्हय? शकुन हाय त्यो! एवढ्या मोठ्या कामाला पोरगी कोऱ्या तोंडानं बाहीर काढू?"

मंग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भूल दिली की पोटातलं वर येतं, श्वासात अडकतं, पोर हातचं जातं. दोन चमचे असलं तरी जातं. मावशीचं तोंड पांढरं पडलं. चैतालीचा नंबर दुसऱ्या पोराला गेला. परतीच्या वाटंला मावशी खिडकीकडं तोंड करून रडत व्हती आन मधल्या शिटावर चैताली तिच्या पाठीवरून हात फिरवत व्हती. मला गाडी चालवनं अवघड झालं, खोटं कशाला सांगू.

आता चैतात परत शिबिर लागलं. ह्या बारीला चुकलं की शाळा गेली, आन डॉक्टर पुन्हा येतील का नाय, कुनी सांगावं? हिरामणनं ठरवलं, म्हातारीला घरीच ठेवायचं. पर चैताली अंगनात फतकल मारून बसली. आजी नाय तर मी नाय! म्हनून ही झडती.

पर गंमत पुढंच हाय. खंडोबाच्या देवळापाशी सावळीराम गुरव ताट घेऊन आडवा आला. "पोरीला परसाद द्या."

हिरामणच्या आधी मावशीच झेपावली. "सावळीराम, हात मागं घे!"

"आवो, देवाचा हाय."

"देवाला सांग, काम झालं की येती घ्यायाला. देव थांबंल, डागतर थांबत नसतो!"

सिन्नरला माझी रोजची सवारी गोजराबाई गाडीत चढली. बसल्या बसल्या तिनं बिस्कुटाचा पुडा फोडला, "घे गं बाय." मावशीनं पुडा हिसकला आन खिडकीबाहीर! गोजराबाई पार नाशिकरोडपोत फुगून बसली. उतरतानी पुड्याचे पैसे कापून घेतले, माझ्या भाड्यातून.

दवाखान्यात तीच शिष्टर. तिनं मावशीला बरूबर वळखलं. "काय आजी, या वेळेस?"

"काय नाय! इचारा पोरीला!"

चैताली बोलली. मावशीनं उलगडून सांगितलं, "म्हनती, भुकेनं जीव चाललाय."

"छान," शिष्टर म्हनली. पोरगी भुकेली ऐकून खूश झालेलं मानूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंबर लागला एक वाजता. तवर जो येईल तो इचारायचा, "काय खाल्लं का?" चारदा तरी इचारलं. पोरीला आत नेली. मावशी दाराशी बसली. ललितानं च्या आनला, तिनं कप लोटून दिला. आन अर्ध्या तासानं ती बसल्या जागी कलंडली.

शिष्टर धावली. "आजी! काही खाल्लं का सकाळपासून?"

डोळे मिटलेले, तरी मावशी दचकून वरडली, "नाय वं नाय! देवाशप्पत नाय! पोरीला बाहीर काढू नका!"

मंग उलगडा झाला. काल रातच्यापासून म्हातारीनं पानीबी घेतलं नव्हतं. "पोरगी उपाशी, मंग मी कुन्या तोंडानं घास घेऊ?" सकाळी जिची कनवट तपासली, तिच्याकडं हिरामणला बघवंना. भिताडाकडं तोंड करून उभा राहिला गडी.

तोंडानं काय घेईना, म्हनून तिला पोरांच्याच वार्डात रिकाम्या खाटंवर टाकून सलाईन लावलं. सुई टोचताना म्हनती कशी, "शिष्टरबाई, हे खान्यात धरत नाय ना?"

तीन वाजता चैताली बाहीर आली. ओठ सुजलेला, मधून काळ्या दोऱ्याचे बारीक टाकं, पर एक! अखंड ओठ! टाकं ओढू नयेत म्हनून दोन्ही हातांना पुठ्ठे बांधून ताठ केलेले, शेतातल्या बुजगावन्यावानी. तिला आजीच्या शेजारच्याच खाटंवर टाकली. डॉक्टर म्हनले, टाळू नंतर बघू, बोलनं सुधारायला येळ लागंल.

दिवस कलता पोरगी पुरी जागी झाली. शेजारी बघती तर आजीलाच सुई! नाकातून कायतरी बोलली. आजीबिगर मला तिचं आजपोत कधी कळलं नव्हतं. पर दिवसभर तेच ऐकून कान किटले व्हते, लगेच कळलं.

"आजी, काय खाल्लं का?"

मावशीनं गळाच काढला. "नाय गं माझी बाय, काय नाय खाल्लं!"

पोरीनं ताठ हात माझ्याजवळच्या दह्याच्या डब्याकडं केला. जीपमधून डबा मी वरती घेऊन आलो व्हतो, जोखीम माझ्यावर व्हती ना! ललितानं झाकन उघडलं, चमचा पोरीच्या बोटांत धरवला. पुठ्ठ्यानं कोपर वाकत नव्हतं. तो हात सोताच्या तोंडाला पोचला नसता, पर आजीच्या तोंडाला बरूबर पोचला.

चैताचं ऊन खाल्लेलं दही, आंबून नुसतं ढॅन झालेलं. मावशीचं सगळं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पानी आलं. गिळलं, पदरानं तोंड पुसलं आन दाराकडं बघून वरडली,

"ओ शिष्टरबाई, घ्या लिहून! आत्ता खाल्लं!"