चेंडूला हात न लावणारी माणसं

सामना हरल्यावर डेव्हिड स्वतः हेल्मेटं गोळा करू लागला, ते उर्मिलाला बघवेना. हेड कोच होता तो. असली कामं करायला क्लबची माणसं होती. पण तो वाकून एकेक हेल्मेट उचलत होता, पोरांच्या पाठीवर थाप मारत होता, आणि मैदानाच्या पलीकडे क्लबचे अध्यक्ष हाताची घडी घालून त्याची वाट बघत उभे होते.

"आता काय होणार?" तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याला, मधूला, विचारलं.

"मीटिंग होणार. फायनल हरल्यावर कुणाच्या तरी माथी खापर फोडायला नको का?" मधू म्हणाला.

डेव्हिड त्यांचा व्याही. त्यांच्या मुलाने, जयने, लॅरिसाशी लग्न ठरवलं तेव्हा मुलीचे वडील अमेरिकेत कॉलेजचे फुटबॉल कोच आहेत एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि मधू हरखून गेला होता. मग जयने मोबाइलवर खेळ दाखवला. लांबुडका चेंडू हातात धरून पळायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर कोसळायचं. "याला फुटबॉल का म्हणतात?" असं मधूने विचारलं, त्याचं उत्तर त्याला अजून कुणी दिलेलं नाही.

उर्मिलाला खेळ कधीच कळला नाही, पण डेव्हिडचं काम मात्र कळलं. चेंडू फेकणाऱ्या पोराच्या पुढे पाच आडदांड पोरं भिंतीसारखी उभी राहतात. त्यांनी चेंडूला हात लावायचा नाही, फक्त समोरून येणाऱ्यांना अडवायचं. एक जण चेंडू मागे देतो तेवढाच, पुढे तोही भिंतीतलाच. टाळ्या पडतात त्या फेकणाऱ्याला. जन्मभर डेव्हिडने ही भिंत घडवली. अमेरिकेत हेड कोच तो कधीच नव्हता. आणि तिकडची रीत अशी, की संघ हरायला लागला की हेड कोचला काढतात, आणि नवा आला की तो आपली माणसं घेऊन येतो. जुन्या सगळ्या सहायकांनी सामान बांधायचं. ओहायो, आयोवा, टेक्सास, परत ओहायो. लॅरिसा दर दोन-तीन वर्षांनी नव्या शाळेत. शेवटच्या गावात त्याची बायको बेटी वारली, तेव्हा तिला खांदा द्यायला डेव्हिडचे विद्यार्थीच आले, कारण शेजारीपाजारी ओळख व्हायलाच वेळ मिळाला नव्हता.

तो निवृत्त झाल्यावर लॅरिसाने त्याला दुबईला आणलं. मरीनातल्या उंच इमारतीत तो नातीला, सान्वीला, शाळेच्या बसमध्ये बसवायचा आणि मग दिवसभर पाण्यातल्या बोटी बघायचा. बापलेकीत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. तिथल्या फुटबॉल क्लबने हेड कोच व्हाल का म्हणून विचारलं, तेव्हा सत्तरीला टेकलेला हा माणूस नवीन बूट घ्यायला एकटा मेट्रोने गेला होता.

फायनलनंतर दोन दिवसांनी तो शारजाला उर्मिला-मधूच्या घरी आला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रखडत. उर्मिलाने चहा टाकला. तो मधूला "व्याही" म्हणायचा, ते नावच आहे असं समजून, आणि कुणी त्याला सुधारलं नव्हतं.

त्याने सांगितलं ते असं. अध्यक्षांना त्याला ठेवायचं होतं. फक्त ट्रॉयला काढायचं होतं. ट्रॉय हा वसईचा पोरगा, डेव्हिडच्या हाताखालचा एकमेव सहायक. बचावाचं सगळं त्याच्याकडे, आणि फायनल हरली ती बचाव ढासळल्यामुळे. त्याला काढा, नवा आणा, पुढचं वर्ष तुमचंच, असं अध्यक्षांनी हसत हसत सांगितलं होतं.

ट्रॉयचा व्हिसा क्लबचा होता. नोकरी गेली की व्हिसा गेला. घरात चार महिन्यांची मुलगी.

"डेव्हिडभाई, तुम्ही राहा," मधू म्हणाला. तो तीस वर्षं शारजातल्या कंपन्यांमध्ये माणसं येताजाताना बघत आला होता. "पोरगा तरुण आहे, त्याला दुसरं काही मिळेल. तुम्हाला या वयात परत कोण बोलावणार आहे?"

जयही फोनवर हेच म्हणाला होता. लॅरिसा काहीच म्हणाली नव्हती.

डेव्हिडने कप खाली ठेवला. मग उर्मिलाकडे बघत तो हळूहळू, तिला कळेल अशा इंग्रजीत बोलला. "मला सहा वेळा काढलं. प्रत्येक वेळी आम्ही खोलीबाहेर उभे असायचो, सगळे सहायक. हेड कोच आत जायचा. मला वाटायचं, आज तरी तो बाहेर येऊन सांगेल, की मी म्हटलं चूक माझी आहे, या लोकांना राहू द्या. चांगली माणसं होती ती. पण कुणीच तसं म्हणालं नाही."

 मधूने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पुढचं उर्मिलाला ट्रॉयकडून कळलं. तो त्याच आठवड्यात घरी आला, बायकोने केलेला केक घेऊन. बसला तोही लगेच निघायचं असल्यासारखा, खुर्चीच्या कडेला.

"आंटी, मला पण आत बोलावलेलं. मला वाटलं, खलास. चेअरमन म्हणाला, कोच तुला सांगतील. तर कोच उभा राहिला आणि म्हणाला, डिफेन्स कसा लावायचा ते मी सांगितलेलं, याने तसाच लावला. चुकलं ते माझं. मी जातो, याला ठेवा."

"मग?"

"चेअरमनने लई समजावलं. कोच ऐकेचना. शेवटी ते बोलले, ठीक आहे, ट्रॉय राहील."

"बरं झालं ना मग," उर्मिला म्हणाली.

ट्रॉयने मान खाली घातली. "तो खोटं बोलला, आंटी. त्याने मला वेगळंच सांगितलेलं. मागे उभे राहा, घाई करू नका, म्हणाला होता. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, म्हातारा घाबरतोय. माझ्यामुळे हरलो आपण. त्याला ठाऊक होतं आणि मला पण. मी तिथं तोंड उघडायला पाहिजे होतं. पण पोरीचा चेहरा डोळ्यासमोर आला."

"त्यांना भेटलास नंतर?"

"पार्किंगमध्ये. सॉरी बोलायला गेलो तर म्हणाला, पुढच्या वर्षी घाई करू नकोस. बस, एवढंच."

ट्रॉय गेल्यावर उर्मिलाने केक झाकून ठेवला. दुसऱ्याच्या घरातल्या बापलेकीच्या मध्ये पडू नये, हे तिला पक्कं माहीत होतं. पण लॅरिसाला काय वाटत असेल तेही तिला माहीत होतं. बाबाची नोकरी पुन्हा गेली, एवढंच.

शुक्रवारी ती आणि मधू मरीनाला गेले. डेव्हिड सान्वीला घेऊन खाली पाण्याकाठी फिरायला गेला होता. स्वयंपाकघरात लॅरिसा कोशिंबिरीसाठी काकडी हातात धरून सुरीने बारीक चोचवत होती. हे तिला उर्मिलानेच शिकवलं होतं. ट्रॉयने जे सांगितलं ते उर्मिलाने काही न वगळता सांगितलं, खोटं बोलण्यासकट.

लॅरिसाचे हात थांबले. "ही नेव्हर टोल्ड मी," ती म्हणाली.

"ते सांगणारे नाहीत. म्हणून मी सांगितलं, आई."

सुनेला ती लाडाने "आई" म्हणायची. लॅरिसाला त्याचा अर्थ कळायचा. तिने काकडी पुन्हा हातात घेतली, पण चोचवली नाही. मग ती म्हणाली, की लहानपणी प्रत्येक घर सोडताना तिला वाटायचं, बाबा कामात कच्चा असणार, म्हणून काढतात. शाळेतली मुलंही तेच म्हणायची. तिने कधी विचारलं नाही, आणि त्याने कधी सांगितलं नाही.

जेवणं झाली. डेव्हिड बशा उचलायला लागला तेव्हा लॅरिसाने त्याला थांबवलं आणि आतून बेटीचा एक मोठा फोटो आणला. काचेच्या चौकटीतला, टी-शर्टात गुंडाळून ठेवलेला. माझी आई कधी भिंतीला खिळा मारू द्यायची नाही, ती जयला सांगू लागली, पण बघत होती बापाकडे. निघताना भोक बुजवावं लागतं, असं आई म्हणायची. एकाही घरात आमचा एकही फोटो भिंतीवर नव्हता.

"भाड्याचं घर आहे," जय म्हणाला. "डिपॉझिटमधून कापतील हां." मग लॅरिसाकडे बघून तो उठला आणि ड्रिल घेऊन आला.

डेव्हिडला जमिनीवर उभं राहूनही हात पोचत होता. तरी तो खुर्चीवर चढला. भिंतीवर कुठे, ते लॅरिसा दाखवत होती. थोडं डावीकडे. अजून थोडं. सान्वीने कानांवर हात ठेवले. डेव्हिडने ड्रिल भिंतीला टेकवलं, आणि सुरू करण्याआधी एकदा मागे वळून लेकीला विचारलं, "शुअर?"

लॅरिसाने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिने मान हलवली.

पांढऱ्या भुकटीची बारीक धार तिच्या केसांवर पडत राहिली. तिने ती झटकली नाही.