शेहेचाळीस नंबरची हजेरी

दुसरं सेमिस्टर सुरू झालं तशी मधुवंती साठे कॉलेजला गेलीच नाही, आणि कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. बोरीवलीची मुलगी, अंधेरीचं इंजिनीअरिंग कॉलेज, आईबाप दोघं नोकरीवाले. अशा घरातून मुलगी रोज सकाळी डबा घेऊन निघते म्हटल्यावर ती कॉलेजलाच जाते, असंच कुणीही धरून चालणार. ही बया मात्र जोगेश्वरीला उतरायची, लेण्यांत जायची, ओलसर पायऱ्यांवर पेपर अंथरून बसायची आणि तिथेच डबा संपवायची. संध्याकाळी घरी आली की बाबा विचारायचे, झाली लेक्चर्स? झाली, म्हणायची. संपलं.

तिला झालं होतं तरी काय? विचाराल तर काहीच नाही. कुणी छळलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला वर्गात बसायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची, पण डोक्यात काही शिरायचं नाही. बारावीपर्यंत पहिल्या तिनांत असलेली मुलगी! घाबरायला हवं होतं, रडायला हवं होतं, तेही येईना. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. परीक्षा कशीबशी निभावली. मैत्रीण एकही झाली नाही. मैत्री करायची तर बोलावं लागतं, आणि हिला तोंड उघडायचाच कंटाळा.

घरी तरी काय सांगणार? ॲडमिशन झाली तेव्हा बाबांनी, म्हणजे विद्याधर साठ्यांनी, सगळ्या सोसायटीत पेढे वाटले होते, वॉचमनलासुद्धा. त्यांना स्वतःला इंजिनीअर व्हायचं होतं, झाले विमा कंपनीत कारकून. लेकीवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. रागावणाऱ्या बापाला सांगता येतं हो, खूश असलेल्या बापाला कसं सांगायचं? म्हणून तिने आपल्या डोक्याने एक सोय काढली. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की कॉलेज घरी फोन करतं. करू दे. आपण काही बोलायला नको, परस्पर कळेल. ती त्या फोनची वाट बघत बसली.

मार्च उजाडला तरी फोन नाही. बाकीच्यांच्या घरी गेले, ते वर्गाच्या ग्रुपवर कळलं. कुणाची आई रडली, कुणाचे वडील गावाहून धावत आले. हिच्या घरी सगळं शांत. शेवटी एक दिवस ही स्वतःच कॉलेजात गेली, वर्ग सांभाळणाऱ्या निलेश सरांपुढे उभी राहिली आणि माझी हजेरी कमी असेल ना, असं विचारलं. सरांनी कॉम्प्युटरवर बघितलं. कमी कसली, तू तर एकदम नियमित आहेस, म्हणाले. प्रॅक्टिकलच्या सह्यासुद्धा होत्या.

ती बाहेर आली तर व्हरांड्यात एक मुलगी हिच्याकडे बघून हसत होती. मृणालिनी सावंत, सत्तेचाळीस नंबर, कांजूरमार्गची. हिचा नंबर शेहेचाळीस, एवढीच काय ती दोघींची ओळख. रोज "फोर्टी सिक्स" झालं की आवाज बारीक करून "येस सर" म्हणणारी आणि प्रॅक्टिकलला सही करणारी तीच होती, हे तिने आपणहून सांगितलं.

मधुवंतीचं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं, आणि तो निव्वळ संताप होता.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"काय गो, तूच तर सुरुवात केलीस," मृणालिनी म्हणाली. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मृणालिनीला उशीर झाला होता. दारापाशी पोचली तर आत तिचा नंबर पुकारला, आणि मधुवंतीने हजेरी दिली. मुंबईत पहिल्या आठवड्यात कोण कुणासाठी असं करतं? सावंतीण ते विसरली नव्हती.

मधुवंतीला आठवलं. कसला उपकार आणि कसलं काय! त्या दिवशी ती स्वतःचाच नंबर विसरली होती आणि भलत्याच नंबराला येस सर म्हणाली होती. तिने ते सांगून टाकलं. मृणालिनीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "असू दे. पण तू आली नाहीस हे मला रोज कळायचं हां. उद्यापासून तुझं येस सर नाही बोलणार मी. तू काय ते ठरव."

म्हणजे आता फोन येणार होता. आज ना उद्या. ज्याची वाट बघितली तेच होणार होतं, तर घरी जाताना हिला ते नको का वाटावं? तो फोन बाबा ऑफिसात घेतील, चारचौघांत, आणि तिकडून कुणीतरी परका माणूस सांगेल. हे आधी कधी तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा कांदा चिरत होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, झाली लेक्चर्स?

"मी जात नाही, बाबा. जानेवारीपासून."

सुरी थांबली. मग जातेस कुठे, त्यांनी विचारलं. लेण्यांत, जोगेश्वरीला, ती म्हणाली. आता ते पेढ्यांबद्दल बोलतील, फीबद्दल बोलतील, म्हणून ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाबांनी अर्धा चिरलेला कांदा बाजूला सारला.

"एकटीच बसतेस?"

तिने मान डोलावली.

"उद्या मी रजा टाकतो. येतो तुझ्याबरोबर."

"कॉलेजात?"

"नाही गं. तू बसतेस तिथे."

मग ती रडली. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावर मनगट टेकवलं, हाताला कांद्याचा वास म्हणून. जरा वेळाने तिने नाक पुसलं आणि सांगितलं की तिथल्या पायऱ्या ओल्या असतात, बसायला दोन पेपर घ्यावे लागतील.