मोंजीनं नाव काढलं

"काका, ती जुनी खिडकी बंद करू नका हं!" वहीदा ओरडलीच.

"अगं, कोण करतंय बंद? इतकी वर्षं इथं काय उंट हाकले मी?" मोंजी हसत म्हणाला.

केबिली गावच्या पाणीपुरवठा कचेरीतला त्याचा आज शेवटचा दिवस होता; उद्यापासून त्याचं काम वहीदा बघणार होती. वाळवंटातल्या विहिरींवरचे पंप कचेरीतून चालत. त्यासाठी प्रत्येक विहिरीवर तिला कचेरीशी जोडणारा एक राउटर होता. आजवर सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डनं त्यात शिरत. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी असंच शिरून दूझच्या विहिरीवरचे पंप बंद केले. खजुराच्या बागा तहानल्या. नोंदीत नाव एकच, 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड मोंजीनं ठरवलेला, म्हणून सगळे त्याच्याकडेच बघू लागले. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचा तो उद्योग होता, हे पुढं कळलं. पण तोवर चहाला मोंजीला कुणी हाक मारत नव्हतं.

तेव्हापासून त्यानं ध्यासच घेतला. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. आणि कुणी आलं की राउटरनं कचेरीतल्या सर्व्हरला विचारायचं, हा आपला माणूस आहे का? आता फक्त दूझ उरलं होतं. चुकलं आणि दार आतून बंद झालं, तर वाळू तुडवत तिथं जावं लागलं असतं. म्हणून संगणकावर जुन्या नावाची खिडकी उघडी ठेवून तो नव्या खिडकीतून शिरून बघत होता.

राउटरनं त्याला नाकारलं.

"झालं! गेलं!" वहीदानं कपाळाला हात लावला.

"काही गेलं नाही. राउटर आणि सर्व्हरमधला खुणेचा शब्द जुळत नाहीये. वाच बरं मोठ्यानं."

तिनं वाचला. एक अक्षर दोनदा पडलं होतं. जुन्या खिडकीतून त्यानं ते सुधारलं, पुन्हा प्रयत्न केला, आणि दूझनं त्याला आत घेतलं. नोंदीत उमटलं : मोंजी. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला.

"आता शेवटची चाचणी," तो म्हणाला. "सोडून गेलेल्या माणसाला आत घेत नाही ना, ते बघायचं. कुणाचं नाव काढू?"

"माझं काढा. मग परत घालू."

"तू कुठं निघालीस? निघालोय मी."

"काका, संध्याकाळपर्यंत तरी तुमचं नाव राहू द्या की!"

"आणि संध्याकाळी मी कुठून बघू, नीट चालतंय का ते?"

त्यानं सर्व्हरवरून स्वतःचं नाव काढून टाकलं. मग नव्या खिडकीतून दूझला नाव घातलं, पासवर्ड घातला. प्रवेश नाही. सावकाश, एकेक अक्षर बघत पुन्हा घातला. प्रवेश नाही.

"कसं ठणकावून सांगतंय बघ!" तो खुशीत म्हणाला. वहीदा मात्र हसली नाही.

"अगं, तोंड काय पाडतेस? चल, आता तुझं नाव घाल."

तो उठला, खुर्ची तिच्यापुढं सरकवली. ती पासवर्ड टाइप करू लागली, तसा तो सवयीनं मान वळवून खिडकीबाहेर बघत उभा राहिला.