दोन खिडक्या, दोन दारं

"अगं, आत हाईस का?"

बंद दारावर टकटक झाली आणि दाराच्या वरून रंगनाथांचं डोकं आत आलं. दार माणसाच्या छातीइतकंच उंच होतं, त्यामुळे टकटक करायची तशी काही गरज नव्हती. सुमनबाई आत मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मदी कुठं थांबा हाय का उतरायला? आतच असनार की," त्या म्हणाल्या.

मुंबईहून लंडनला निघालेलं विमान नुकतंच समुद्रावर आलं होतं, बाहेर लख्ख दुपार होती आणि सुमनबाई रुसल्या होत्या. रंगनाथांच्या ते ध्यानातही आलं नाही. बायकोला दार आवडलं, असं समजून ते खूश झाले आणि पुढच्या दाराकडे निघाले.

दार होतं ते खुर्चीचं. लंडनला इंजिनियर असलेल्या लेकाने, नितीनने, आईबापांसाठी विमानातली महागडी जागा घेतली होती. पाय लांब करून झोपता येईल अशी खुर्ची, भोवती भिंत, आणि सरकवलं की लागणारं दार. म्हणजे विमानात खोली आणि खोलीत आपण एकटे. आईबाप पहिल्यांदाच विमानात बसणार, त्यांच्या कोपराला कुणाचं कोपर लागू नये, कुणी अंगावर कलंडू नये आणि दोघांनाही खिडकी मिळावी, म्हणून त्याने मुद्दाम एकामागे एक अशा जागा धरल्या. पुढच्या खोलीत वडील, मागच्या खोलीत आई. पोरगं गुणाचं, त्याच्या मायेला कुणी नाव ठेवू नये. पण आईला काय हवंय ते त्याने विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

तिला नवऱ्याच्या शेजारी बसायचं होतं. एवढंच.

हसण्यासारखं आहे खरं, त्यांच्या गावी, केडगावात, कुणाचा विश्वासही बसणार नाही. पण रंगनाथांनी आख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती. काष्टीच्या बाजाराला म्हणा, माहेरी म्हणा, सुमनबाई कितीदा तरी त्यांच्याच गाडीने गेल्या. नवरा गर्दीतून वाट काढत यायचा, परक्या बाईला द्यावं तसं तिकीट द्यायचा आणि पुढे जायचा. शेजारची जागा मोकळी असली तरी टेकायचा नाही. खाकीतला माणूस बायकोला खेटून बसला तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. पुढच्या सीटवर नवी जोडपी एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या घेत असायची आणि सुमनबाई पिशवी मांडीवर घेऊन ते बघत असायच्या.

निवृत्त झाल्यावर खाकी उतरली, खोड काही उतरली नाही. गाडीत कुणी बाई उभी दिसली, कुणी म्हातारा दिसला, की रंगनाथ टुणकन उठून जागा देणार आणि कंडक्टरशी गप्पा मारत दाराजवळ उभे राहणार. पाथर्डीला भाचीच्या लग्नाला जाताना त्यांनी अशा एका गड्याला जागा दिली, की त्याने सगळा रस्ता सुमनबाईंना आपल्या मुतखड्याची हकीकत ऐकवली. केडगावची मंडळी गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीला गेली, तेव्हाही हे आपले ड्रायव्हरजवळ उभे आणि मागे वळून वळून सगळ्यांना चहाचं विचारतायत.

म्हणून विमानाचं ठरलं तेव्हा सुमनबाईंनी फोनवर लेकाला एकच प्रश्न विचारला होता, विमानात उभ्याने जाता येतं का. नितीन पोट धरून हसला. आई, पट्टा बांधून बसावंच लागतं, म्हणाला. सुमनबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी घरात गुळाच्या पोळ्या केल्या. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

आणि आता मध्ये ही भिंत आली.

खरं सांगायचं तर पहिला थोडा वेळ त्यांना दार आवडलंही होतं. विमानातल्या पूजा नावाच्या मुलीने, ती डोंबिवलीची निघाली, ते सरकवून लावून दिलं. सुमनबाईंनी डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला, पाय लांब केले. कुणी बघणारं नाही, कुणी चहा मागणारं नाही. घरात आतून कडी लावून नुसतं बसायची सवड त्यांना कधी मिळालीच नव्हती. प्रत्येक बाईला जन्मात एकदा तरी असं दार मिळावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग पुढच्या भिंतीकडे लक्ष गेलं. एसटीत निदान गर्दीतून नवऱ्याचं डोकं तरी दिसायचं, इथे तेही नाही. त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याचा रागही आला.

तिकडे रंगनाथांची फेरी चालू होती. ते दारांवरून डोकावून लोकांना नमस्कार घालत होते, गाव विचारत होते. अर्ध्या चड्डीतल्या एका गृहस्थाने दार लावता लावता त्यांना सांगितलं, की काका, मला कुणाशी बोलावं लागू नये म्हणून तर मी हे दार घेतलंय. रंगनाथांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्याचंही बरोबर असेल, माणसाला माणसांचा कंटाळा येतो. पण त्यांना स्वतःला चैन पडेना. अशी सगळी बंद गाडी त्यांनी डेपोत उभी असलेलीच तेवढी बघितली होती. चालत्या गाडीत माणसांची तोंडं दिसली पाहिजेत, कोण झोपलंय, कुणाला मळमळतंय, कुणाचं पोर रडतंय. पूजा त्यांना हाताला धरून जागेवर बसवायची आणि तिची पाठ वळली की ते उठायचे.

असेच उठून ते पुन्हा बायकोच्या दाराशी आले.

"अगं, जेवन येतंय म्हनं. पांढरं कापड अंथरून देत्यात. दार उघड की जरा, बघू दे तुझी खोली."

"तुमी बसा तिकडं तुमच्या खोलीत," सुमनबाई म्हणाल्या. "मला कुनी नको."

आता मात्र कंडक्टरला प्रवाशाचं तोंड नीट दिसलं. रंगनाथांनी स्वतःच दार सरकवलं, आत शिरले आणि पाय ठेवायला जी छोटी बैठक होती तिच्यावर टेकले. डोकं दुखतंय का, कानाला दडे बसलेत का, घराला कुलूप नीट लावलंय ना, असं सगळं त्यांनी विचारून बघितलं. सुमनबाई कशालाच हो म्हणेनात. मग एकदम बोलल्या.

"लगीन झाल्यापासनं एकदा बी माझ्या शेजारी बसून आला न्हाई तुमी. म्हनलं, इमानात तरी बसताल. पट्टा बांदत्यात, उठून कुठं जानार. तर पोरानं मदी भिंत घातली."

चाळीस माणसांच्या गाडीत कुणाला काय हवंय ते न सांगता ओळखायचं, याचा रंगनाथांना केवढा अभिमान होता.

"मला वाटायचं, तुला बसायला मिळालं म्हंजी झालं," ते म्हणाले. "जागा मिळाली का न्हाई, तेवढंच बघायचो मी."

"जागा मिळायची की. मानूस न्हाई मिळायचं."

रंगनाथ उठून पूजाकडे गेले आणि मागे शेजारीशेजारी दोन जागा मोकळ्या आहेत का, असं विचारलं. पूजाला आधी कळेचना. मागच्या लोकांना पुढे यायचं असतं, त्यासाठी ते हुज्जत घालतात. पुढून मागे जातो म्हणणारं तिला कुणी भेटलं नव्हतं. तिने समजावलं, की काका, तिथे पाय पसरता येणार नाहीत, खुर्चीची गादी होणार नाही, जेवण साधं असेल आणि दार तर नाहीच.

"दार नको म्हनूनच चाललोय, पोरी," रंगनाथ म्हणाले.

पूजाने त्यांच्याकडे बघितलं, मागे दारातून डोकावणाऱ्या सुमनबाईंकडे बघितलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं. अगदी शेवटच्या रांगेत, संडासाला लागून, दोन जागा आहेत, म्हणाली. अवघडलात तर परत या, इथली जागा तुमचीच आहे.

सुमनबाईंना आता लेकाची काळजी लागली. त्याने एवढं हौसेने केलं, त्याला काय सांगायचं? रंगनाथ म्हणाले, खरं तेच सांगू, दार चांगलं होतं आणि खुर्ची त्याहून चांगली होती. मग का सोडली, ते त्याच्या आईने सांगावं. यावर सुमनबाई चक्क लाजल्या आणि अंबाडा बांधायला लागल्या.

पिशव्या घेऊन दोघं पडद्यापलीकडे गेले. तिथे माणसंच माणसं होती. पोरं रडत होती, कुणी डबा उघडून खात होतं, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर झोपलं होतं. रंगनाथांचा चेहरा असा काही खुलला की सुमनबाईंच्या काळजात चर्र झालं. एवढी माणसं बघितल्यावर हा गडी खाली बसतोय कशाला, असं त्यांना वाटलं.

पण रंगनाथ बसले. सुमनबाई खिडकीशी, ते शेजारी. खुर्च्या इतक्या अरुंद की कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही. दोघांनी पट्टे बांधले. सुमनबाईंनी पदर सारखा केला आणि नव्या नवरीसारख्या गप्प बसून राहिल्या.

थोड्या वेळाने संडासापाशी रांग लागली. रांगेत शेवटी सलवार-कमीझमधल्या एक वयस्कर बाई आल्या. एका हाताने गुडघा दाबत आणि दुसऱ्या हाताने रंगनाथांच्या खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. सुमनबाईंनी ते बघितलं. पुढे काय होतं ते त्यांना पाठ होतं. आधी मान वळते, मग हात समोरच्या खुर्चीवर जातो, आणि मग माणूस उभा.

मान वळली. हात समोरच्या खुर्चीवर गेला. पट्ट्याचं काही नव्हतं, तो कसा सोडायचा हे रंगनाथ मघाशीच शिकले होते.

सुमनबाईंचं जे मागायचं ते एकदा मागून झालं होतं, आता पुन्हा नाही.

हात तिथेच थांबला. मग हळूहळू खाली आला. रंगनाथांनी त्या बाईंकडे बघून ओशाळं हसत हात जोडले.

"माफ करा, बाई," ते म्हणाले. "आज मी ड्युटीवर न्हाई."

बाईंना मराठी कळलं नाही. त्यांनीही हसून हात जोडले आणि नंबर आला तशा त्या आत गेल्या. सुमनबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर नुसते ढग होते, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. नवऱ्याचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता, आणि तो तिथून हलत नव्हता.