तीन कपांतला वेगळा

कॉफी चाखण्याचीही नोकरी असते, हे सासूबाईंना मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते त्यांच्या गळी पुरतं कधीच उतरलं नाही. "गिळत नाही हो ती," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "घोट घेते, तोंडात खुळखुळवते आणि थुंकून टाकते. त्याचा पगार मिळतो. आम्ही जन्मभर फुकट गिळत आलो."

सून यावर काही बोलत नसे, कारण वर्णनात चूक नव्हती. कॉफीच्या बिया भाजून दुकानांना पुरवणाऱ्या एका कारखान्यात ती चव-परीक्षक होती. शिकली होती रसायनशास्त्र, पण प्रयोगशाळेतल्या यंत्रांपेक्षा तिचं नाक तल्लख निघालं, तेव्हा साहेबांनी तिला यंत्रांवरून उठवून चाखण्याच्या खोलीत बसवलं. ओल लागलेली बी, जास्त आंबलेली बी, भट्टीत जरा जास्त राहिलेली बी ती चमचाभर कॉफीत ओळखायची. घरात तिचं नावच 'जीभ' पडलं होतं. "जिभेला विचारा," नवरा म्हणायचा, "दूध चांगलं आहे का नासायला टेकलंय."

तिघांच्या घरात कॉफी तीन तऱ्हांची. सासूबाईंची दुधात खळखळ उकळलेली, भरपूर साखरेची, वर साय धरली तर ती आधी बोटाने उचलून तोंडात. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याला कॉफीपेक्षा तिच्यावरचा फेस प्यारा. तो दूध घुसळायचा, निम्मं ओट्यावर सांडायचा आणि उरलेल्याकडे कौतुकाने बघत बसायचा. तिची कॉफी काळी, बिनसाखरेची आणि कोमट. कप भरून ठेवायची आणि निवायची वाट बघायची. गरम कॉफी आपले दोष झाकते. निवत गेली की ते एकेक करून वर येतात.

"कढत प्यायची वस्तू ती," सासूबाई म्हणत. "थंडगार पडल्यावर पितेस, म्हणजे पितेस का पंचनामा करतेस?"

दोघींमधला खरा वाद मात्र दुधाचा होता. सासूबाईंच्या हातून दूध पातेल्याला लागलं, की सून चपला काढता काढता दारातूनच म्हणायची, "आई, दूध लागलं वाटतं." आवाजात टोचणी नसायची, म्हणून तर ते जास्त झोंबायचं. "नाकाने कांदे सोलते नुसती," असं सासूबाई पातेल्याला ऐकवत आणि ते घासायला टाकत.

मग तिला ताप आला. चांगला सणसणीत आला, आठवडाभर राहिला आणि गेला. बरं वाटायला लागल्यावर एका सकाळी तिने दात घासले, तेव्हा तोंडात गारवा आला पण पुदिना आला नाही. ती ब्रश हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने कॉफीचा डबा उघडला आणि नाक आत घातलं. डब्यात तपकिरी पूड होती. तिला वास नव्हता.

त्यात गूढ असं काही नव्हतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं. बाकी सगळी चव आपण नाकाने घेतो, हे तीच नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. काही महिने लागतील." आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "कधीकधी येत नाही."

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. वास परत येणारच असेल तर सांगून गाजावाजा कशाला, आणि येणार नसेल तर घाई कशाला? हा युक्तिवाद लंगडा आहे हे तिला कळत होतं. तरी तिने त्याच्यावरच सगळा भार टाकला, कारण दुसरा आधार नव्हता. चाखण्याच्या खोलीत नाक नसलेल्या माणसाला काम नसतं.

कारखान्यात निभावलं. टेबलावर वाडग्यांची रांग, प्रत्येकात कॉफीची पूड आणि वर गरम पाणी. चमच्याने घोट घ्यायचा, तो असा जोरात सुर्रकन ओढायचा की तोंडभर फवारा उडावा. सगळ्यांचं चाखून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, हा खोलीचा नियम. एकाच्या मताने दुसऱ्याचं मत बाटू नये म्हणून. शेजारी चिमणी असायची. चिमणी हे तिचं टोपणनाव. तिशीची, चणीने बारीक, सुनेच्याच हाताखाली शिकून तयार झालेली. ती चेहरा लपवण्यात कच्ची होती. काही खटकलं की तिची भुवई उडायची. सुनेला हे पूर्वीपासून ठाऊक होतं. आता त्याचा उपयोग झाला. कडूपणा आणि आंबटपणा जीभ सांगायची, बाकीचं चिमणीची भुवई. माल चांगला येत होता. दिवस जात होते.

एका रविवारी नवऱ्याने तिला नेहमीच्या कॉफीच्या दुकानात नेलं. तिथे तिच्याच कारखान्याची कॉफी होती. त्याने फेसाचा डोंगर मागवला, तिने काळी.

नवऱ्याने फेस पार करून पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय गं? गोणपाट उकळून दिलंय का?"

तिने आपला कप उचलला. कडू, किंचित आंबट, गरम. "ठीक आहे की," ती म्हणाली.

दुकानाची मालकीण टेबल पुसायला आली होती, ती तिथेच थांबली. "बाई, तुम्हीच भेटलात ते बरं झालं. नवीन पोती आल्यापासून सगळे तेच म्हणतायत, कुबट लागतंय. मी मशीन दोनदा धुतलं. पाणी बदललं. गिऱ्हाईक साखरेवर साखर घालतंय. तुम्ही तर कारखान्यातल्या, तुम्हीच सांगा, कुबट आहे ना?"

तो माल तिने मागच्याच आठवड्यात मंजूर केला होता. भुवई हलली नव्हती.

"बघते मी," ती म्हणाली.

"बघतेस कसली, चाख की!" नवरा हसला. "बघायचं काम माझं."

तिने पुन्हा घोट घेतला आणि चेहरा विचारात असल्यासारखा केला. विचारात तर ती होतीच.

संध्याकाळी नवरा चष्म्यांच्या दुकानाकडे गेल्यावर सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात हाक मारली. टेबलावर एकसारखे तीन कप होते, तिन्हींत काळी कॉफी.

"तुमच्या कारखान्यातली परीक्षा," सासूबाई म्हणाल्या. "दोन कप सारखे, एक वेगळा. तो ओळखायचा. तूच मागे सांगितलं होतंस. आज मी घेतेय."

"आता? कशाला, आई?"

"माझी हौस. बस."

ती बसली. पहिल्या कपातून तिने घोट ओढला. त्या आवाजाला या घरात बंदी होती, पण सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसरा, तिसरा. तिन्ही कडू. रंग बघितला, तो सारखा. सासूबाईंचा चेहरा बघावा म्हटलं तर त्या पाठ करून खिडकीतल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"हा," तिने डावीकडचा कप पुढे सरकवला. "हा जरा जास्त भाजलेल्या बियांचा."

सासूबाई वळल्या. "तिन्ही एकाच पातेल्यातले आहेत."

तिने तो कप परत रांगेत सरकवला.

"आई, ती परीक्षा अशी नसते," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सरळ होता. "एक कप वेगळा असावाच लागतो. आणि कळलं नाही तरी एक निवडावाच लागतो, अंदाजाने. तसा नियम आहे. खूप वेळा घेतली की अंदाज कुठला आणि ज्ञान कुठलं ते आकड्यांत दिसतं."

"म्हणजे 'मला कळत नाही' असं म्हणायची सोयच नाही तुमच्यात?"

"नाही."

"पण मला तू अंदाज म्हणून नाही सांगितलंस. जास्त भाजलेल्या बियांचा, म्हणालीस."



सासूबाई समोर बसल्या. "तुझ्या तापापासून माझ्या हातून दूध चारदा लागलं. नंतर दोनदा तर मी मुद्दाम लावलं. तू आपली गप्प. आधी मला बरं वाटलं, म्हटलं जिरली एकदाची. मग वाटलं, ही अशी सुधारणारी बाई नाही." त्यांनी एक कप स्वतःकडे ओढला, त्यात साखर घातली आणि ढवळत राहिल्या. "वास येत नाही ना?"

"नाही."

"कारखान्यात सांगितलंस?"

"नाही."

"माझं पातेलं घासून निघतं गं," सासूबाई म्हणाल्या. "तुमची पोती कोण घासणार?"

नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. "ते तुझं तू सांग," एवढंच म्हणाल्या आणि साखर घातलेली ती कॉफी तोंड वेडंवाकडं करत संपवली, कारण टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सोमवारी चाखण्याच्या खोलीत वाडग्यांची नवी रांग होती. गेल्या खेपेचा माल ज्या मळ्यातून आला, तिथलीच पुढची गाडी अंगणात उभी होती, आणि आज मंजुरी मिळाली की माल भाजायला जाणार होता. साहेब दाराशी उभे होते. त्यांना घाई असली की ते पेन टिकटिक करत. चिमणी चमचे गरम पाण्यात बुडवून ठेवत होती.

तिने आपला चमचा उचलला नाही.

"साहेब, मला वास येत नाही," ती म्हणाली.

"सर्दी झालीय? मग उद्या करू."

"सर्दी नाही. मला ताप आला होता, तेव्हापासून. कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही. मागच्या आठवड्यातला माल कुबट आहे. दुकानातून तक्रार आहे. तो मी मंजूर केला."

पेनची टिकटिक थांबली. "वास येत नव्हता तर मंजूर कशावरून केलात?"

"हिच्या चेहऱ्यावरून." तिने चिमणीकडे हात केला. "हिला काही खटकलं की भुवई उडते. त्या दिवशी उडाली नाही."

चिमणीच्या हातातला चमचा पाण्यात पडला. "माझ्या चेहऱ्यावरून? ताई, अहो, मी तुमच्याकडे बघत होते!"

"माझ्याकडे?"

"मला लागलं होतं कुबट. पहिल्याच घोटाला. पण आधी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही अगदी शांत. म्हटलं, ताईंना काही वाटत नाही म्हणजे माझंच तोंड खराब आहे. मग मी कशाला भुवई उडवू?"

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे बोलायचं नाही हा नियम तुम्ही पाळलात," ते म्हणाले, "आणि माल कुणीच चाखला नाही."

त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि गोदामाला मागच्या मालाची एकही गोणी बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं. कुठल्या दुकानांत किती गेलाय ते विचारलं. फोन ठेवताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काय करायचं ते नंतर बोलू. यंत्रांवर जागा आहे. पण ती खालची जागा आहे, तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि हे आजचं कोण करणार?"

"ही करेल."

"मी? एकटी?" चिमणीचा आवाज वर गेला. "ताई, चुकलं म्हणजे? अख्खी गाडी आहे. तुम्ही नुसत्या उभ्या राहा ना माझ्याजवळ. बोलू नका काही. नुसत्या राहा."

"नाही राहणार." तिने अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला. "साहेब, तुम्हीही चला बाहेर."

"मी कशाला? मला तर कॉफीतलं काही कळत नाही. मी घरी दूध पितो."

"ती तुमच्याकडेही बघेल."

साहेब क्षणभर घुटमळले आणि निघाले. दोघं बाहेर आल्यावर तिने दार ओढून घेतलं. दाराला काचेची चौकट होती, आणि साहेब सवयीने काचेकडे झुकले.

"काचेतून नको," ती म्हणाली.

ते मागे झाले. दोघं दाराकडे पाठ करून उभे राहिले. समोर अंगणात गाडीचं मागचं फळकूट उघडं होतं आणि दोन हमाल गोण्यांवर बसून उतरवायचा हुकूम यायची वाट बघत होते. त्यातला एक गोणीवर टाच आपटत होता.

आतून सुर्रकन आवाज आला. मग थुंकल्याचा. मग दुसऱ्या वाडग्याचा.

"कशी वाटतेय?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आवाजावरून कळत नाही," ती म्हणाली.