सरळ जाणारा गाडा

उत्तमराव वानखडेंना गाडी चालवता येत नाही, हे जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतल्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जन्म गेला रेल्वेत, डब्यांची चाकं, ब्रेक आणि स्प्रिंगा दुरुस्त करण्यात. बडनेऱ्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथंच निवृत्त झाले, पण स्टिअरिंगला कधी हात म्हणून लावला नाही. गाडी चालवतात त्या आनंदीबाई. रेल्वेच्या इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात काढल्यावर निवृत्तीच्या पैशातून या बाईनं पहिली कुठली वस्तू घेतली असेल, तर जुनी जिप्सी. सोनं नाही, पैठणी नाही, जिप्सी! बडनेऱ्याच्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. उत्तमराव मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीखाली शिरले आणि "सांगाडा चांगला हाय" असा निर्वाळा देऊन मोकळे झाले.

या जिप्सीला वर फायबरचा टप आहे, बोल्ट सोडले की अख्खा निघणारा. जयपूरचा उन्हाळा आणि धुळीची वादळं झेलायला तो हवाच. पण संक्रांत उलटली, पतंग संपले आणि रस्त्यात लोंबणाऱ्या मांज्याची भीती सरली, की आनंदीबाईंना तो डोक्यावर एक दिवस खपत नसे. "सारा जनम डोक्यावर वॉर्डातला पंखा पाह्यला," त्या म्हणत, "आता जरा आभाळ पाहू द्या." टप उतरला, की नवऱ्याला शेजारी बसवून त्या सीकरच्या रस्त्यानं चौमूंपर्यंत जात. वाटेत अंबाड्यातली पिन हमखास निसटे, पांढरे केस उडायला लागत, आणि जिनं वॉर्डात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही ती बाई गाणी म्हणायला लागे. अगदी बेसूर. उत्तमराव मांडीवर थर्मास धरून तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघत बसत. वर्षभरात त्यांना याहून आवडणारं दुसरं काही नव्हतं. बायकोला मात्र त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी काय सांगायच्या असतात, असं त्यांचं आपलं मत.

टप उतरवायला चार माणसं लागत. मोरेश्वर, शामराव अशी रेल्वेतली दोस्तमंडळी पोह्यांच्या आमिषावर यायची आणि हसतखेळत टप उचलून भिंतीला टेकवून जायची. एकेक करून सगळे निवृत्त झाले आणि आपापल्या गावी गेले. गेल्या हिवाळ्यात उत्तमरावांनी गल्लीतल्या तिघांना हाताशी धरलं. टप बरोबर छातीच्या उंचीवर असताना त्यातल्या एकाचा फोन वाजला, आणि त्या भल्या माणसानं तो उचलला. टप वाचला. उत्तमरावांची कंबर काही वाचली नाही.

ते अंथरुणाला खिळले तशी गुडगावला नोकरी करणारी त्यांची लेक तनया धावत आली. बापाची सेवा केली, आईला धीर दिला आणि जाताना म्हणाली, "ही गाडी विकून टाका. मतलब, आता कोण उचलणार तो टप? पप्पा परत उचलायला जातील, मला माहितीये." जयपूरलगतच्या झालान्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवणारा एक माणूस जिप्सीच शोधत होता. टप फेकून देऊन मागं बाकडी बसवीन म्हणाला.

"विकून टाकू," आनंदीबाई म्हणाल्या. "मले काय कराची आता गाडी?"

इतक्या सहज म्हणाल्या, की उत्तमरावांनी कान टवकारले. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा ओळखणारा माणूस तो. बायकोच्या आवाजातला तडा त्यांना ऐकू येणार नाही तर कुणाला? ही बाई आपल्या कमरेपायी आपलं आभाळ विकायला निघाली आहे, हे त्यांना पक्कं कळलं.

त्यांनी लेकीकडून पुढच्या हिवाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. तनयाही काही कमी नव्हती. तिनं अट घातली: संक्रांतीनंतरच्या रविवारी मी येईन. कुणाच्याही मदतीशिवाय, तुम्ही दोघांनीच, पप्पांनी काहीही न उचलता टप उतरवून ठेवून दाखवला, तर गाडी राहील. नाहीतर दुपारी तो झालान्याचा माणूस येऊन घेऊन जाईल.

उत्तमरावांनी अंथरुणावर पडल्यापडल्याच युक्ती काढली होती. रेल्वेच्या कारखान्यात अख्खा डबा उचलतात तो काय माणसं लावून? डबा जॅकवर वर घ्यायचा आणि खालची चाकं रुळावरून ढकलत बाहेर काढायची. इथंही तेच. टप जागच्या जागी चार बोटं वर उचलायचा आणि खालून जिप्सीच चालवत काढून न्यायची. मग टपासकट गाडा ढकलत घराच्या बाजूच्या बोळात नेऊन उभा करायचा. जिप्सीच्या टपापेक्षा वीतभर जास्त रुंद असलेला तो बोळ पोर्चच्या डाव्या अंगाला उघडायचा आणि एरवी तिथं मोडका कूलर नि सायकल पडलेली असायची. उत्तमरावांनी ती भंगारात काढली.

बरं वाटायला लागल्यावर ते कामाला लागले. चौकोनी पाइप आणले, चौमूंच्या भंगार बाजारातून चार जाडजूड लोखंडी चाकं निवडून आणली, कोपऱ्यावरच्या जाळ्या-दरवाजे बनवणाऱ्याकडून वेल्डिंगचं मशीन मागून आणलं. बोळातच ठाण मांडून त्यांनी चौकट उभी केली: तीन बाजूंनी बंद, पुढून उघडी, दोन्ही अंगांना टपाच्या कडेखाली सरकणारी एकेक आडवी दांडी, आणि तिला वर ढकलणारा एकेक जॅक. आनंदीबाईंनी आधी कुरकुर केली ("कंबर विसरले वाट्टे तुमी"), मग गरम पाण्याची पिशवी आणून दिली, आणि शेवटी जुन्या गोधडीचे तुकडे शिवून दांड्यांना अंगडी घातली, टपाला ओरखडा नको म्हणून. चाकांना अडवायला उत्तमरावांनी लाकडी गुटके तासले. ज्याला चाकं आहेत त्याला गुटका पाहिजे, ही त्यांच्या घराण्यातली नसली तरी खात्यातली रीत.

शनिवारी संध्याकाळी गाडा तयार झाला. त्यांनी तो बोळात मागं-पुढं ढकलून पाहिला. लोण्यासारखा चालला. रात्री ते घोरत झोपले, कितीतरी दिवसांनी.

रविवारी सकाळी तनया आली. "जयभीम पप्पा," म्हणत तिनं बॅग टेकवली आणि चहाचा कप घेऊन पायरीवर परीक्षकासारखी बसली. जिप्सी नेहमीच्या जागी होती, पोर्चच्या उजव्या कडेला, तोंड घराकडे करून. डाव्या कडेला, बोळाच्या तोंडासमोर, आनंदीबाईंच्या शेवंतीच्या कुंड्या दाटीवाटीनं मांडलेल्या. गाड्यापुरती वाट करायला मधल्या चार कुंड्या तेवढ्या हलवल्या होत्या.

उत्तमरावांनी गुटके काढले, गाड्याला हात घातला आणि तो दिमाखात बोळातून बाहेर काढला. आता उजवीकडे वळवायचा, जिप्सीच्या मागं न्यायचा. त्यांनी उजवीकडे जोर लावला. गाडा सरळ गेला. मागं घेऊन पुन्हा जोर लावला. गाडा पुन्हा सरळच गेला, आणि शेवंतीच्या एका कुंडीला जाऊन भिडला.

उत्तमराव खाली वाकले. चारही चाकं त्यांनी चौकटीला पक्की, नाकासमोर बसवली होती. एकही फिरणारं नाही. जन्मभर त्यांच्या हाताखालून गेली ती चाकं रुळावरची. त्या चाकांना वळायचं नसतं. वळायचं ते रूळ वळतात. गाडा वळवावा लागेल, हा विचारच या माणसाच्या डोक्यात आला नव्हता.

"पप्पा," तनया हळूच म्हणाली, "मतलब, हा वळतच नाही?"

आनंदीबाईंनी आधी पदर तोंडावर दाबला. मग त्यांना राहवेना. त्या हसल्या, खांबाला धरून हसल्या, पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आहो, रूळ कुठं टाकाचे सांगा! स्वयंपाकघरातून नेऊ का?"

एरवी उत्तमरावही हसले असते. पण त्यांनी गुटके उचलले, मुकाट्यानं चाकांना लावले आणि हात पुसले. चाकं कापून नवी बसवायची म्हणजे दोन दिवस तरी हवेत. दुपारी माणूस येणार.

"तनू, येऊ दे त्याले," ते म्हणाले. "शब्द तो शब्द."

"आता एवढ्याशा गोष्टीवर रुसले काय?" आनंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जाऊ द्या न. एक गाडी तं होती. तुमाले कुठं तिचं येवढं वेड होतं?"

"मले गाडीचं काही नाई," उत्तमराव गाड्याकडे बघत म्हणाले. "तू टप काढून चालवते न, केस सोडून, ते मले पाहाले लय आवडते. तेवढ्यासाठी केलं हे सारं. अजून एकदा पाहाचं होतं."

तनयानं कप तोंडाशी नेला, तो रिकामा होता. आनंदीबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन बदल्या झाल्या, लेक झाली, सासू-सासऱ्यांचं करून झालं, आणि हा माणूस हे आज बोलतोय, तेही लोखंडाच्या चौकटीकडे बघून! त्यांना नवऱ्याचा राग आला, आणि त्याच्यावर इतकी माया दाटून आली, की नेमकं काय करावं ते कळेना.

त्या उठल्या. पदर खोचला. आणि शेवंतीची पहिली कुंडी उचलून भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवली.

"मम्मी, मी मदत—"

"तू हात लावू नको. मंग म्हनशील, मदत घेतली." दुसरी कुंडी गेली. तिसरी गेली. उत्तमराव पुढे झाले तशा त्या कडाडल्या, "तुमी तं बिलकूल वाकू नका! तिथं उभे राहा बोळापाशी."

त्या कुंड्यांना कुणी बोट लावलेलं त्यांना चालत नसे. झाडूवालीलाही त्या लांबून झाडायला लावत. पण घटकाभरात पोर्चची डावी बाजू गेटपासून बोळापर्यंत मोकळी झाली. आनंदीबाईंनी चावी घेतली, जिप्सी रस्त्यावर काढली, वळवली आणि पाठ घराकडे करून गेटात उभी केली. तेव्हा कुठं उत्तमरावांच्या लक्षात आलं. गाडा वळत नाही ना? मग नसेना का वळत. जिप्सीच त्याच्यासमोर येऊन उभी राहील, नाकाच्या रेषेत.

"दाखवा हात," आनंदीबाई ओरडल्या.

यार्डात डबे जोडताना दाखवतात तसे उत्तमरावांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवायला लागले. ये. ये. हळू. आनंदीबाईंची नजर आरशात, त्यांच्या तळव्यांवर. जिप्सी भिंतीला घासेल असं तनयाला दोनदा वाटलं, पण वाटलं तेवढंच. जिप्सीची पाठ गाड्याच्या उघड्या तोंडासमोर बरोबर आली, तशी उत्तमरावांनी मूठ आवळली. जिप्सी जागच्या जागी थांबली.

पुढचं काम सोपं होतं. त्यांनी गुटके काढून गाडा सरळ पुढे लोटला, तो जिप्सीच्या दोन्ही अंगांनी सरकत गेला. गोधडी ल्यालेल्या दांड्या टपाच्या कडेखाली बसल्या. गुटके लागले. बोल्ट निघाले. मग एका जॅकवर ते आणि दुसऱ्यावर त्या, आळीपाळीनं. "घ्या." "घे." रबराची पट्टी कुरकुरली, टप हलला, आणि कुणीही हातानं न उचलता चार बोटं वर गेला. आनंदीबाई परत जागेवर बसल्या, गियर टाकला आणि टपाखालून हळूच बाहेर आल्या. जानेवारीचं ऊन आधी त्यांच्या मांडीवर आलं, मग खांद्यावर, मग डोक्यावर.

उत्तमरावांनी गाडा ढकलला. टप घेऊन तो आपल्या सरळ वाटेनं बोळात गेला. वळायची गरजच नव्हती.

तनयानं फोन लावला. "हाँ भैया, सॉरी, गाडी नहीं बेचनी," एवढंच म्हणाली, आणि मग बापाच्या गळ्यात पडून रडली, नेमकं कशाला ते तिचं तिलाच ठाऊक. जरा सावरल्यावर म्हणाली, "पप्पा, मी फिरणारी चाकं ऑनलाइन मागवते. परवापर्यंत येतील."

उत्तमराव हो म्हणणार होते.

"काही नको," आनंदीबाई गाडीतूनच म्हणाल्या. "त्याले सरळच राहू दे. वळवाले मी हाय न." मग नवऱ्याकडे बघून त्यांनी अंबाड्यातली पिन स्वतःच्या हातानं काढली आणि पदराच्या टोकाला लावली. "या, बसा. आणि आता चोरून पाहू नका. नीट पाहा."

उत्तमराव थर्मास आणायचा विसरले आणि तसेच येऊन बसले.