काटेसावरीखालचा रविवार

फागुन लागला की अमरावतीतल्या माणसाचं डोकं जरा फिरतंच, त्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या तीन पोरी म्हटल्यावर विचारूच नका. छत्री तलावामागच्या टेकडीवर पळस फुललाय, काटेसावर लाल झालीय, ही बातमी निखतने आणली आणि रविवारी सकाळीच स्वारी निघाली. तहरीम, निखत आणि होस्टेलवर राहणारी दामिनी. दामिनीचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे. तिच्याकडे पळस पाहायला कोणी जात नाही, तो बांधावर असतोच. तरी पोरगी सगळ्यांच्या पुढे.

निघताना तहरीमने आगाऊपणा केला. इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं, गुलाम नबींचं, अत्तराचं दुकान. घराबाहेर पडायचं म्हणजे मनगटाला अत्तर लावायचं ही त्यांच्या घरची रीतच. तिने पर्समधून हिन्याची कुपी काढली.

"नको व," दामिनी म्हणाली, "लय उग्र हाय. डोकं दुखते माहं."

"चूप बस! एवढी सजूनधजून निघाली अन् बिना वासाची जाशीन काय?" म्हणत तहरीमने तिच्या गळ्याला, केसांना, वर ओढणीलाही चोपडलं. स्वतःला जेमतेम बोटभर लावलं. लाडाच्या मैत्रिणीचा मान मोठा ना!

टेकडीवर मात्र मजा आली, खोटं कशाला बोला. कडुलिंबाची पानं गळत होती, पायाखाली चुरचुर वाजत होती. तिघींनी पळसाची फुलं पिशवीत भरली, धुळवडीला रंग उकळायचा बेत केला, एकमेकींच्या वेण्यांत फुलं खोचली. काटेसावरीवर एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं आणि त्यांत तोंड घालून भांडणाऱ्या साळुंख्या. दामिनी खाली वाकून पडलेली फुलं वेचू लागली. वरच्या फांदीला सुपाएवढं आग्यामोहोळ लटकत होतं. पण फुलं पाहायला आलेल्या पोरी मोहोळ कशाला पाहतील?

पहिली माशी दामिनीच्या केसांभोवती घिरट्या घालू लागली. निखतने मदतीच्या नादात त्या माशीला ओढणीने फटकारलं. झालं! करायला गेलो गणपती, झाला मारुती. मोहोळ उठलं.

पुढचं तहरीमला नीट आठवतच नाही. पळा, पळा असं कोणीतरी ओरडत होतं, बहुतेक तीच. तिला तीन डंख बसले, निखतला चार. दामिनीच्या मागे मात्र सगळं मोहोळ लागलं होतं. ती तोंड झाकून धावली, दगडाला अडखळून पडली आणि माशा तिच्या केसांत, मानेवर बसल्या. तलावाचे चौकीदार रामराव धुमसतं पोतं घेऊन धावत आले, म्हणून माशा तरी हटल्या.

रामरावांनी वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अत्तर लावून मोहोळाखाली आली काय व पोरगी? कोनं शिकवलं हे?"

तहरीमने कुपीची पर्स पाठीमागे घेतली.

दामिनीचा चेहरा बघता बघता सुजला. ओठ जाड झाले, डोळे मिटले, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. "श्वास... येऊन नाही राहिला," एवढंच ती म्हणाली. ऑटोत तहरीमने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "या अल्लाह, हिले काही होऊ देऊ नको, मी परत अत्तराले हात लावणार नाही," ती तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली. राजापेठेच्या चौकात गाड्या अडल्या, तेव्हा तिने ऑटोतून अर्धं अंग बाहेर काढून लोकांना अशा शिव्या घातल्या की निखत बघतच राहिली.

दवाखान्यात सुया टोचल्या, नळी लावली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, घरच्यांना बोलवा.

दामिनीच्या गावात फोन होता तो एकट्या केशवरावांकडे. निखत कोपऱ्यावरच्या, रुपया टाकून बोलायच्या डब्बा फोनवर गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "सांगतलं. दामिनी भरती हाय म्हनलं, तं ते पुढचं न आयकताच फोन ठेवून पळाले. पुन्हा लावला, कोनीच उचलून नाही राहिलं."

दुपार सरता सरेना. तहरीम बाकावर बसून घोकत होती, की तिच्या मायले आपणच सांगायचं, मी लावलं म्हणून. मारलं तर मार खायचा. चारच्या सुमारास दामिनीच्या छातीतली शिट्टी थांबली. डॉक्टरांनी मान डोलावली, "वाचली." तहरीम भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

तेवढ्यात दारात आशाबाई, दामिनीची माय, उभी राहिली. पायात चपला नव्हत्या, मागे केशवराव. ती कोणाशी बोलली नाही. सरळ पोरीपाशी गेली, वाकली आणि तिच्या सुजलेल्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. मग तहरीमचं मनगट धरलं.

"खरं सांग. काय पेली?"

"मावशी..."

"कपाशीवर फवारायचं औषध पेली ना? कोनाचं ऐकून पेली? मी तं तिले काहीच म्हनलं नव्हतं!"

त्या सालांत नांदगावकडच्या खेड्यांत तरणंताठं माणूस एकाएकी भरती झालं, की त्याचा एकच अर्थ व्हायचा, आणि हे फोन करणाऱ्या त्या दोन शहाण्या पोरींच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"पेली नाही मावशी! माशा चावल्या, आग्यामाशा! मीच अत्तर लावलं तिले, ती नको म्हनत होती. माही चूक हाय. मारा मले."

"माशा?" आशाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग पोरीच्या मानेवरचे डंख बोटाने चाचपले. "माशाच ना? बाई, माशाच ना?" ती खाली फरशीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिने तहरीमला ओढून घेतलं, तिच्या खांद्यावर तोंड दाबलं आणि रडली.

केशवराव दारातच उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी हो," ते म्हणाले, "आधी माह्या घरी फोन लावा. उचलेपर्यंत लावत राहा. हिचा बाप सूर्यभान तिथंच अंगणात बसला हाय, बाया रडाले जमल्या हायत. त्यायले सांगा, पोरगी जिती हाय म्हना."

तहरीम फोनकडे पळाली.